दहा पानांचा एक मिलिमीटर

१ फेब्रुवारी

काल छापखाना बंद झाला. ही डायरी आमचं शेवटचं काम. गिऱ्हाईक माल उचलायला आलंच नाही, म्हणून निरोपाच्या वेळी प्रत्येकाला चार-चार मिळाल्या. तारखा छापल्या आहेत, वार नाहीत, तेव्हा कुठल्याही वर्षी चालतील, असं मालक म्हणाले. कुणी हसलं नाही.

तेवीस वर्षं मी प्रुफं तपासली. एकाने मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने छापील कागदावर डोळे ठेवून चुका धरायच्या. मी धरणारी. माझ्या नजरेतून साधा स्वल्पविराम सुटत नसे. आता सत्तेचाळिसाव्या वर्षी ही नजर कुठे ठेवू ते कळत नाही.

सकाळी न्हाणीघरात नळ सोडून रडले. नळ सोडला की आवाज बाहेर जात नाही. नवऱ्याला सांगितलं, डोळ्यांत साबण गेला. तो चष्म्याच्या दुकानात काम करतो, दिवसभर लोकांचे डोळे बघतो. त्याने विश्वास ठेवला.

२ फेब्रुवारी

चहा झाल्यावर बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, माझ्याकडे नीट बघितलं आणि हातात दहा नंबरचा स्पॅनर ठेवला. म्हणाले, "धाकटे, चल. थोरलीला उठवायचंय."

थोरली म्हणजे त्यांची मोटारसायकल. नाव सासूबाईंनी ठेवलेलं. ती माझ्या नवऱ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आणि मी या घरात आले तेव्हा आधीपासून होती, म्हणून ती थोरली आणि मी धाकटी. एकुलत्या एक मुलाची बायको असून मला जाऊ आहे, आणि तीही लोखंडाची.

बाबांनी आयुष्यभर घरामागच्या गॅरेजात लांबच्या प्रवासाच्या जुन्या गाड्या दुरुस्त केल्या. तीन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या आणि थोरलीवर ताडपत्री पडली. दोघं मिळून जग फिरलेली, आता एकट्याने कशाला, असं आम्ही सगळे समजून होतो. विषय कुणी काढत नव्हतं.

आज ताडपत्री काढली. वीस वर्षं ही गाडी मी येता-जाता बघते, पण आज पहिल्यांदा बघितली. इंजिनाची दोन सिलिंडरं दोन बाजूंना आडवी बाहेर आलेली, कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या बाईच्या कोपरांसारखी. टाकीचा रंग गुडघे टेकून टेकून गेलेला. मागे पत्र्याच्या दोन पेट्या. मीटरवर दोन लाख ऐंशी हजार किलोमीटर. मी मनात हिशेब केला, पृथ्वीला सात फेऱ्या होतात. ही बाई सात वेळा पृथ्वीभोवती जाऊन आली आणि तेवढ्या वर्षांत मी घरापासून छापखान्यापर्यंत. मला तिच्यासमोर उभं राहायला जरा संकोच वाटला, खरं सांगते.

५ फेब्रुवारी

बेकरीवाल्यांचा फोन आला. फोन बाबांच्या कोपराशी वाजत होता आणि ते कार्बोरेटर उलगडत बसले होते. अशी तंद्री मी कुणाची पाहिलेली नाही. शेवटी मीच उचलला.

बेकरीवाले बाबांचे प्रवासातले जुने सोबती. दर दोन वर्षांनी एप्रिलच्या सुरुवातीला, डोंगरापलीकडच्या पठारावर, तळ्याकाठी जुन्या गाड्यांचा मेळावा भरतो. तीस वर्षांखालच्या गाडीला प्रवेश नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे तळ्याला वळसा घालून पलीकडची मोठी उतरण उतरतात. पण त्याआधी 'ऐकणं' असतं. एकेक गाडी सुरू करायची. ऐकणारा लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनावर टेकवतो, मूठ कानामागच्या हाडाला लावतो आणि सांगतो, जा किंवा थांब. थांब म्हटलं की दुरुस्ती होईपर्यंत गाडी हलत नाही, मालक कितीही मोठा असो. अठरा वर्षं ऐकणारे बाबा होते, म्हणून तिथे सगळे त्यांना मास्तर म्हणतात.

सासूबाई गेल्यानंतरच्या मेळाव्याला ते गेले नाहीत. त्या वर्षी कुणीच ऐकलं नाही, आणि उतरणीवर एकाचं इंजिन जाम झालं. मागचं चाक जागच्या जागी अडकलं आणि तो कठड्यावर आदळला. पाय वाचला, पण आता वाकत नाही. "मास्तरांना सांगा," बेकरीवाले म्हणाले, "ते आले तर मेळावा. नाहीतर मी बंद करून टाकतो, माझ्याच्याने पुन्हा ते बघवणार नाही."

मी निरोप सांगितला. बाबा माझ्या तोंडाकडे बघत राहिले आणि पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग बराच वेळ चिंधीने हात पुसत होते. स्वच्छ झालेले हात पुसत होते. "तू येशील बरोबर?" म्हणाले. एकट्याने जायला जड जात असेल. मी हो म्हटलं. मला तरी दुसरं काय काम आहे?

१२ फेब्रुवारी

कार्बोरेटरचा जेट उजेडात धरून बघितला. नखाएवढा पितळेचा तुकडा, त्यात सुईच्या टोकाएवढं भोक. त्या भोकातून जेवढं पेट्रोल जातं तेवढ्याच्या जोरावर दोन माणसं आणि दोन पेट्या डोंगर चढतात. मी तेवीस वर्षं टिंबं तपासली, पण इतक्या कामाचं टिंब बघितलं नव्हतं.

संध्याकाळी नवरा आणि बाबा यांचं टीव्हीवरून वाजलं. बाबांचा टीव्ही गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातो. माझं मत असं की जन्मभर इंजिनांच्या शेजारी राहिलेल्या माणसाला घरातली शांतता खायला उठत असणार. नवरा म्हणाला, "तू फार कादंबऱ्या तपासल्यास."

२० फेब्रुवारी

थोरली उठली.

सात किका बाबांनी मारल्या, चार मी. बाराव्या किकेला तिने एकदा खोकल्यासारखं केलं आणि मग सुरूच झाली. सुरू होताना ती एका अंगावर झुकते, झोपेतून कूस बदलावी तशी. गॅरेजच्या खिडकीची काच थरथरत होती, फळीवरचे नटबोल्ट थरथरत होते, माझ्या छातीत काहीतरी थरथरत होतं. तीन वर्षं मेलेली वस्तू आणि हिचा श्वास इतका सावकाश, इतका समजूतदार. 

बाबांनी दोन्ही तळवे दोन सिलिंडरांच्या झाकणांवर ठेवले आणि डोळे मिटले. असे कितीतरी वेळ उभे होते. मग डोळे उघडून मला विचारलं, "कसा आहे आवाज?"

"छान आहे."

"छान म्हणजे काय? शब्दांत सांग. डावीकडे कसा, उजवीकडे कसा?"

स्वतःला सगळं ठाऊक असून विद्यार्थ्याकडून काढून घ्यायचं, ही मास्तरांची जुनी सवय. मी सांगत गेले. ते एकेक शब्द ओठांवरून उचलत होते.

२१ फेब्रुवारी

(या तारखेचं पान आता डायरीत नाही. ही ओळ वीस तारखेच्या पानाखाली नंतर लिहिली आहे. कारण पुढे येईल.)

३ मार्च

आज बाबांनी मला तो स्क्रूड्रायव्हर दिला. त्याची लाकडी मूठ हातात धरून धरून चिंचोक्यासारखी गुळगुळीत झाली आहे. टोक इंजिनावर, मूठ कानामागे. आणि काय सांगू. बाहेरून ऐकलं तर नुसती एक ढगढग. आत मात्र जिथे टोक ठेवावं तिथे वेगळं माणूस वेगळं काम करताना ऐकू येतं. एके ठिकाणी साखळी सरसरते, एके ठिकाणी तेल झिरपतं, वर व्हॉल्व्ह नेमाने बसतात आणि उठतात, मिनिटाला शेकडो वेळा, आणि कुणी कुणाच्या पायात येत नाही. मी तासभर जागची हलले नाही. एवढं सगळं माझ्या स्वयंपाकघरापासून वीस पावलांवर चाललं होतं आणि मला पत्ता नव्हता.

बाबा विचारत जातात, मी सांगत जाते. मी म्हटलं, इथे वाळूवर चप्पल घासल्यासारखं येतंय. त्यांनी लगेच ओळखलं, "ते क्लचचं बेअरिंग. म्हातारं आहे, पण चालेल." माझ्या फालतू शब्दांवरून ते आतला नेमका तुकडा सांगतात. असा माणूस मी पाहिला नाही.

गॅरेजच्या भिंतीवर एका मेळाव्याचा फोटो आहे. बाबा डोळे मिटून ऐकताहेत आणि सासूबाई मागे उभ्या, एक हात बाबांच्या खांद्यावर. दुसऱ्या एका फोटोतही तसंच. किती प्रेम असावं माणसाचं. आमचे चष्मेवाले लग्नाच्या फोटोतही माझ्यापासून हातभर लांब उभे आहेत.

१५ मार्च

थोरली चालवली. इतकी वर्षं स्कूटर चालवते म्हणून मिजास होती, ती पहिल्या वळणावर उतरली. ही गाडी वळवायची नसते, तिला वळण दाखवायचं असतं, असं बाबा म्हणतात. शहराबाहेरच्या सरळ रस्त्यावर तिसऱ्या गियरला ती अशी लागली की मला वाटलं, हा रस्ता संपूच नये. सत्तेचाळीस वर्षांत मला असं कधी वाटलं नव्हतं. लिहून ठेवते, नाहीतर उद्या खोटं वाटेल.

२८ मार्च

आज टॅपेट. इंजिन गार असताना व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा लोखंडी हात यांच्यात केसाएवढी फट ठेवावी लागते. लोखंड तापलं की वाढतं, त्याला वाढायला जागा हवी. इनलेटला, म्हणजे हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला, मिलिमीटरचा दहावा भाग, धूर बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्टला त्याच्या दुप्पट. मोजायला फीलर गेज, म्हणजे पातळ पोलादी पट्ट्यांचा जुडगा. फट बोल्ट फिरवून जुळवायची आणि बोल्ट हलू नये म्हणून त्यावर लॉकनट आवळायचा. बाबांनी तीनदा बजावलं, "आधी फट, मग लॉकनट, मग पुन्हा फट."

उजवी बाजू त्यांनी केली, डावी माझ्यावर सोपवली. एक्झॉस्टची पट्टी त्या फटीतून अशी अलगद, जराशी अडत सरकली की मी नवऱ्याला हाक मारली. तो जेवता जेवता उठून आला. मी त्याला खिडकीपाशी नेऊन पट्टी दाखवली, कागदाच्या दोन पानांएवढी जाड, आणि एवढ्यावर सगळं इंजिन. त्याने चष्मा वर करून बघितली आणि म्हणाला, "बापरे." इतकं मनापासून तो बऱ्याच वर्षांत बोलला नव्हता. मी आनंदात परत आले आणि झाकण लावून टाकलं.

गाडी सुरू केली. मी ऐकलं, सगळं नीट. बाबांनी तळवा ठेवला आणि मान हलवली.

६ एप्रिल

पठारावर, तंबूत लिहिते आहे. बाबा बाहेर बेकरीवाल्यांबरोबर बसले आहेत. आजचं जसं घडलं तसं लिहायचं आहे, स्वतःला न वाचवता.

उजाडताना निघालो. बाबा पुढे, मी मागे. सपाट रस्ता संपून डोंगर सुरू झाले आणि मी वर बघतच राहिले. डोंगर चित्रात बघितले होते, मजकुरात तर शेकडो वेळा तपासले होते, 'गगनचुंबी' हा शब्द किती लेखकांचा मी खोडला असेल. आज तो सगळ्यांना परत द्यावासा वाटला. रस्ता एका अंगाला खडक आणि एका अंगाला काहीच नाही असा वर चढत होता, आणि थोरली सत्तेचाळीस वर्षांच्या मला आणि चौऱ्याहत्तरच्या बाबांना घेऊन सावकाश चढत होती.

घाटाच्या पायथ्याशीच मला ऐकू आलं. डावीकडून, टिक-टिक, शिवणयंत्रासारखं. नवीन होतं. मला वाटलं, सांगावं. मग वाटलं, मी कोण सांगणार? ज्यांना अख्ख्या इंजिनाचं पोट कळतं त्यांना हे कळलं नसेल? ते गाडी चालवताहेत म्हणजे काळजीचं नसणार. शिवाय मधेच बोलून शहाणपणा दाखवल्यासारखं झालं असतं. प्रुफं तपासतानाही माझी हीच खोड होती, मोठ्या लेखकाची चूक दिसली की आधी स्वतःवर शंका घ्यायची. टिक-टिक वाढत गेली. मी मुकाट बसले.

सतराव्या वळणावर डावं सिलिंडर फटफटलं आणि गाडीचा जोर गेला. बाबांनी रुंद जागा बघून ती कडेला घेतली.

"तुला काही ऐकू आलं होतं?" त्यांनी विचारलं.

"टिक-टिक. डावीकडून."

"कधीपासून?"

"पायथ्यापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला येतच असेल म्हणून."

ते रस्त्याकडेच्या दगडावर बसले. इंजिन गार होईपर्यंत फट मोजता येत नाही, म्हणून आम्ही दोन तास थांबलो. मग झाकण काढलं. डाव्या एक्झॉस्टचा लॉकनट सैल फिरत होता आणि फट नुसत्या डोळ्यांनाही दिसत होती. मी तो आवळलाच नव्हता. नवऱ्याला पट्टी दाखवायला उठले, परत येऊन झाकण लावलं. अजून थोडं गेलो असतो तर आतली दांडी निसटून वाकली असती. अशाच एका डोंगरावर एकाचा पाय कायमचा अधू झाला होता आणि मी बाबांना पाठीमागून तिकडेच नेत होते. 

फीलर गेज पेटीत नव्हता. खिडकीतच राहिला होता. फोनला रेंज नव्हती.

"अंदाजाने करता येईल का?" मी विचारलं.

"पूर्वी केलं असतं. बोल्ट फिरवत फिरवत आवाजावर आणलं असतं." ते सैल लॉकनट बोटाने फिरवत राहिले.

तेव्हा मला माझा धंदा आठवला. मी पेटीतून ही डायरी काढून म्हटलं, "बाबा, या डायरीचा कागद मला माहीत आहे. दहा पानांचा एक मिलिमीटर होतो. गठ्ठे मोजायला आम्ही तोच हिशेब धरायचो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "म्हणजे एक पान इनलेटला."

"आणि घडी घालून एक्झॉस्टला."

ते पहिल्यांदा हसले. मी शेवटची कोरी पानं काढली, तर म्हणाले, "कोरं कशाला फाडतेस? पुढचे दिवस आहेत ते. लिहून झालेलं दे." मी हाताला आलं ते पान फाडून दिलं. ते एकवीस फेब्रुवारीचं निघालं.

घडी घालण्याआधी त्यांनी ते वाचलं. मी अडवणार होते, पण तोवर अर्धं वाचून झालं होतं. त्यात मी काय लिहिलं होतं ते आठवतं तसं पुन्हा लिहिते: बाबांना सगळं ऐकू येतं. इंजिनाच्या पोटातलं येतंच, माणसाच्या पोटातलंही येतं. छापखाना बंद झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी नळ सोडून रडले, घरात कुणाला कळलं नाही, पण त्यांनी भिंतीपलीकडून ऐकलं आणि सकाळी माझ्या हातात स्पॅनर दिला. असे कान देवाने एखाद्यालाच दिलेले असतात.

बाबांनी पान गुडघ्यावर ठेवलं. खाली दरीत बघत म्हणाले, "ऐकलं नव्हतं गं. डोळे सुजलेले दिसले होते."

मग त्यांनी सांगितलं. बारीक आवाज सात वर्षांपूर्वी जायला लागले. जाड आवाज अजून आहेत, एक्झॉस्टचा, ढगांचा, माणसाचा समोर असला तर. टॅपेटचा नाही, पाखरांचा नाही, फोनचा नाही. जन्मभर हेल्मेटमधला वारा आणि इंजिनं, त्यांनी खाल्ले कान. पहिल्यांदा सासूबाईंना कळलं. त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. त्या मागे बसून ऐकायच्या आणि बोटाने खांद्यावर सांगायच्या. एक बोट, ठीक. दोन, टॅपेट. मूठ, थांबव. मेळाव्यात मागे उभ्या राहायच्या त्याही त्यासाठीच. शेवटचे दोन मेळावे त्यांनीच ऐकले होते.

"ती गेली," बाबा म्हणाले, "आणि मी गाडी झाकली. लोकांना वाटलं दुःखाने. ते होतंच. पण मला गाडी चालवायची भीती वाटत होती."

मी तो फोटो आठवत राहिले. खांद्यावरचा तो हात. मला प्रेम वाटलं होतं ते चुकीचं नव्हतं, फक्त मी फारच थोडं समजले होते. आणि हे दोन महिने मी रोज परीक्षा देते आहे असं समजत होते, तेव्हा समोरचा माणूस माझ्या तोंडून स्वतःचं इंजिन ऐकत होता, 'वाळूवर चप्पल' एवढ्या सामानावर. आज त्या डोंगरापुढे आणि या माणसापुढे मी सारखीच लहान झाले.

पानाची घडी फटीत घातली. ती अलगद, जराशी अडत सरकली. त्यांनी बोल्ट धरला, मी लॉकनट आवळला. मग पुन्हा घडी घालून बघितली. गाडी सुरू केली आणि मी स्क्रूड्रायव्हर लावून ऐकलं. "ठीक आहे," मी म्हटलं.

"एक बोट," बाबा म्हणाले.

उरलेला घाट मी त्यांच्या मागे बसून चढले, एक बोट त्यांच्या खांद्यावर ठेवून.

७ एप्रिल

सकाळी तोंड धुताना मी बाबांना म्हटलं, "मी मागे उभी राहीन. कुणाला कळणार नाही."

"नको," म्हणाले. "चूक झाली तर माणूस उतरणीवर मरतो. आणि तिला मी मागे उभं केलं. ती पुढे यायला लाजायची आणि मी कधी आग्रह केला नाही, मला ते सोयीचं होतं. तू लाजू नकोस."

तळ्याकाठी एकतीस गाड्या ओळीने उभ्या होत्या. टाक्यांवर दव. काही गाड्या माझ्या वडिलांपेक्षा मोठ्या. माणसं हेल्मेट काखेत धरून गप्प उभी होती. पाय न वाकणारा तो गृहस्थही काठी घेऊन आला होता, गाडीशिवाय. बेकरीवाल्यांनी बाबांना पुढे बोलावलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बाबांनी टाळ्या थांबेपर्यंत वाट बघितली. त्या थांबल्या हे त्यांनी हातांकडे बघून ओळखलं, आता मला असल्या गोष्टी दिसतात. मग म्हणाले, "माझे कान गेलेत. सात वर्षं झाली. इथले शेवटचे दोन मेळावे माझ्या बायकोने ऐकले. तुम्ही टाळ्या मला वाजवल्या आणि मी त्या घेतल्या. मागच्या वेळी मी आलो नाही, कारण ती नव्हती, आणि खरं सांगायची हिंमत नव्हती. त्याचं काय झालं ते आपल्याला माहीत आहे."

त्यांनी काठीवाल्याकडे बघून हात जोडले. तो काठीवर रेलून बाबांकडे बघत राहिला.

"आज माझी सून ऐकेल," बाबा म्हणाले, आणि स्क्रूड्रायव्हर मुठीकडून माझ्यापुढे धरला.

तो हातात घेतला आणि मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की काल घाटात माझ्याच चुकीने आमची गाडी बंद पडली, लॉकनट मी आवळला नव्हता, आणि आवाज ऐकूनही मी गप्प बसले. आज ऐकेन ते सगळं बोलेन. कुणीतरी मागे कुजबुजलं. मला वाटलं, आता हे लोक आपापल्या गाड्या काढून निघून जातील.

पहिली गाडी बेकरीवाल्यांची होती. त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे, आणि किक मारली. मी टोक टेकवलं, मूठ कानामागे लावली. आत सगळे आपापल्या कामाला लागले होते. मी एकेक जागा ऐकत गेले. उजव्या कार्बोरेटरपाशी एक बारीक सुस्कारा होता, थांबून थांबून येणारा. मी तीनदा ऐकला. बेकरीवाले, वयाने सर्वांत मोठे, मेळाव्याचे कर्ते, माझ्या उत्तराची वाट बघत होते. मागे वळून बघावंसं वाटलं. बाबा माझ्या मागे नव्हते, समोर होते, इंजिनावर तळवा ठेवून माझ्या ओठांकडे बघत.

"उजवीकडे सुस्कारा येतोय," मी म्हटलं. "कार्बोरेटरच्या रबरापाशी. कुठून तरी हवा आत जातेय. थांबा."

बेकरीवाल्यांनी इंजिन बंद केलं आणि गाडी स्टँडला लावली. खाली वाकून रबर बोटाने चाचपलं. खालच्या बाजूला नखभर चीर होती. त्यांनी ते बोट वर करून सगळ्यांना दाखवलं, मग ओळीतल्या दुसऱ्या गाडीवाल्याला म्हणाले, "चल, बाईंना थांबवू नकोस."

एकतीस गाड्या ऐकल्या. चौघांना थांब म्हटलं, चारही जण दुरुस्ती होईपर्यंत थांबले. संपलं तेव्हा काठीवाला गृहस्थ आमच्यापाशी आला. बाबांच्या समोर उभा राहून, ओठ नीट दिसतील असं, हळूहळू म्हणाला, "परत येताना तुमच्या मागे मला बसवाल का? गाडीवर बसून दोन वर्षं झाली."

आज उतरणीवरून सगळे उतरले आणि सगळे परत आले.

१२ एप्रिल

घरी आल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ चष्मा पुसत बसला. मग बाबांच्या समोर खुर्ची ओढून, चेहरा उजेडात धरून त्यांच्याशी बोलायला लागला, टीव्हीवरून नाही, असंच काहीतरी.

गॅरेजात आता तीन गाड्या आल्या आहेत. मेळाव्यातल्याच. बाबा हाताने बघतात, मी कानाने, आणि मग दोघं मिळून भांडतो. छापखान्यातही दोघं लागायचे, एक वाचायला आणि एक धरायला.

डायरीत एक पान कमी आहे. घडीवर तेलाचा डाग पडलेलं ते पान बाबांच्या खिशात आहे, रात्री उशाखाली असतं असं नवरा सांगतो. मला ते इथे परत चिकटवायचं आहे, म्हणून मी दोनदा मागितलं, समोर उभी राहून, ओठ नीट हलवून. दोन्ही वेळा त्यांना ऐकू आलं नाही.